वाऱ्याचा सीमाप्रश्न

कोगनोळीच्या माणसाला जन्मभर एकच प्रश्न विचारला जातो : 'कुठनं आलासा, कुठं चाललासा?' कागलकडून येताना दूधगंगेचा पूल ओलांडला की कर्नाटक लागतं, आणि त्या कर्नाटकाच्या उंबऱ्यावरच आमचं गाव बसलंय. पुणे-बेंगळूर महामार्ग, पूर्वीचा ४ नंबरचा आणि आताचा ४८ नंबरचा, आमच्या अंगणातून गेल्यासारखा जातो. टोलनाका आमच्या नावाचा, चेकपोस्ट आमच्या नावाचा. २०२१ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातून येणाऱ्याला आरटी-पीसीआरचा दाखला दाखवल्याशिवाय इथून पुढं सोडत नव्हते. कागलला पोरगी बघायला गेलेली आमची माणसं, पोरगी पसंत आणि नाकात काडी, अशी दोन्ही कामं उरकून परत आली. २०२२ च्या डिसेंबरात बेळगावला निघालेल्या महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांना अडवलं तेही इथंच. दोन्ही राज्यांत जरा कुठं खुट्ट झालं की एसट्या तिकडच्या तिकडं वळतात आणि आम्ही चालत पूल ओलांडतो.

इतका बंदोबस्त असलेल्या गावात एकच गोष्ट दाखल्याविना, टोलविना, वाटेल त्याच्या हद्दीत वाटेल तेव्हा शिरत होती. ती म्हणजे आमच्या कॉम्प्लेक्सच्या संडासातली हवा.

कॉम्प्लेक्स हा शब्द तात्यांचा. तात्या म्हणजे माझे चुलते. रस्त्याकडेच्या उसाच्या तुकड्यावर त्यांनी दोन मजली इमारत उठवली, समोरून निळी काच लावली आणि वर कन्नडमध्ये मोठं, मराठीत बारीक असं नाव घातलं. खाली नाश्ता सेंटर, खताचं दुकान आणि मोबाइल रिपेअरी. वर जिन्याजवळ दातांचे डॉक्टर, मग मी, मग कॉम्प्युटर क्लास, आणि बोळाच्या शेवटी सगळ्यांचा मिळून एक संडास : एक भांडं, भिंतीला दोन मुताऱ्या, एक बेसिन. समोरून बघाल तर बेंगळूर, मागून बघाल तर बाजाराचा दुसरा दिवस. बांधकामाच्या वेळी तात्या निळ्या काचेच्या रंगछटेसाठी तीनदा कोल्हापूरला गेले. संडासाच्या वेळी ते म्हणाले, "गवंड्याला सांग, कर म्हणावं कायतरी."

गवंड्यानं कायतरी केलं.

माझा धंदा विम्याचा, जोडीला लोकांचे टॅक्स भरून देण्याचा. विम्याला आलेलं गिऱ्हाईक आधीच थोडं मरणाच्या विचारात असतं. माझ्या केबिनमध्ये पाच मिनिटं बसलं की त्याला तो विचार जवळचा वाटू लागे. पण आपल्याकडं वासाबद्दल कुणी सरळ बोलत नाही. मराठीत वासाला शब्द काय कमी आहेत? कुबट, कोंदट, उबट, आंबूस, कुजट, उग्र. वर भपकारा आणि दर्प. एवढी दौलत असून गिऱ्हाईक काय म्हणायचं? "जरा पावसाची हवा झालीया." मे महिन्यात. एक म्हातारे शेतकरी तेवढे प्रामाणिक निघाले. त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि विचारलं, "सायेब, हितं बसून तुमास्नी किती वरसं झाली?" मी म्हणालो, चार. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, विमा आता मीच काढावा.

मला स्वतःला वास येतच नव्हता, ही यातली गंमत. नाक फार लवकर दमतं. एकच वास सतत आला की काही मिनिटांत ते त्याची नोंद करणं सोडून देतं, सरकारी दप्तरासारखं. म्हणून आपल्या घरचा वास आपल्याला कळत नाही आणि पाहुण्यांना दारातच कळतो. रविवारी सुट्टी घेऊन सोमवारी कुलूप काढलं की मात्र दार उघडताच डोळ्यांत पाणी यायचं. निपाणीच्या वखारीत पहिल्यांदा शिरणाऱ्याला तंबाखूचा ठसका लागतो, तसं. पण तंबाखूच्या ठसक्यात निदान रुबाब असतो.

पहिला संशय आला तो खालच्या खताच्या दुकानावर. वास अमोनियाचा होता आणि खाली युरियाची पोती रचलेली. तात्यांनी दुकानदाराला वर बोलावलं. तो गरीब माणूस, नाक वर करून त्यानं दोनदा हुंगलं आणि म्हणाला, "तात्या, माझा युरिया पोत्यात गप पडलाय. हा तुमचा हाय. भितीवर सांडलेला." शास्त्र त्याच्या बाजूनं होतं. माणसाच्या लघवीत युरिया असतोच. तो फरशीच्या सांध्यात, मुतारीच्या जाळीत मुरतो, तिथले जिवाणू तो फोडतात आणि अमोनिया सुटतो. कारखान्यात अमोनियापासून युरिया करतात, आमच्या संडासात युरियापासून अमोनिया होत होता. एकाच इमारतीत वर-खाली दोन्ही कामं, आणि सबसिडी फक्त खालच्याला.

"पण पंखा हाय की आत!" तात्या म्हणाले.

पंखा होता. सहा इंची एक्झॉस्ट फॅन, छताजवळ, पाती फिरताना दिसायची, आवाज तर पिठाच्या गिरणीचा. त्याचं बटण मात्र तात्यांच्या ऑफिसात. हेस्कॉमचं विजेचं बिल बघितल्यापासून त्यांनी ते तिथं नेलं होतं. संडासाला जाणाऱ्यानं आधी तात्यांना सांगायचं, मग तात्या पंखा लावायचे. बायका-पोरींनी यावर वापरायचं बंद केलं आणि पुरुषांनी सांगायचं. पुढं मी तात्यांच्या पाया पडून ते बटण दिव्याच्या बटणाला जोडून घेतलं. पंखा दिवसभर फिरू लागला, आणि माझ्या केबिनमधला वास दुप्पट झाला.

इथं माझी अक्कल बंद पडली. पंखा बंद असताना वास कमी, चालू असताना जास्त? मग एका दुपारी पंखा बसवणाऱ्या वायरमनला बोलावलं, स्टूल घेतलं आणि माझ्या डोक्यावरच्या फॉल्स सीलिंगची एक चौकोनी पाटी उचकटली. डोकं वर घातलं, तसं तोंडावर वारं आलं. गार, सलग, उग्र. अंधारात बॅटरी मारली. बोळाच्या शेवटी भिंतीत एक गोल भोक, त्यात आमचा पंखा, आणि त्याचं तोंड थेट सीलिंगच्या पोकळीत. पोकळी डॉक्टरांच्या, माझ्या आणि क्लासच्या डोक्यावर सलग एकच. पंखा इमानेइतबारे संडासातली हवा 'बाहेर' काढत होता. ते बाहेर म्हणजे आमचं आत होतं.

"आण्णा, वर कोण बघतंय?" वायरमन म्हणाला. त्यात ना पश्चात्ताप होता ना लबाडी. केर काढून दाराआड लोटणाऱ्या पोराचा निरागसपणा होता. त्याच्या दृष्टीनं भिंतीपलीकडं गेलं ते बाहेर गेलं.

त्या दिवसापासून मी पंखा या विषयात पडलो. आमचा एक पुतण्या पुण्यात एसीची कामं करणाऱ्या कंपनीत आहे. त्याला फोन केला. तो आधी भरपूर हसला, मग म्हणाला, "काका, उदबत्ती आहे का?" मला वाटलं वासावर उपाय सांगतोय. तो म्हणाला, "पेटवा आणि संडासाच्या दाराखाली धरा. धूर कुणीकडं जातो ते सांगा."

मी बोळात उकिडवा बसलो. एका हातात उदबत्ती, दुसऱ्यात फोन. दार बंद, पंखा चालू. धूर सरळ वर गेला, देवघरात जातो तसा शांत. दाराच्या फटीकडं ढुंकूनही बघेना. डॉक्टरांकडं आलेली एक बाई जिन्यात थांबली, संडासाला चाललेली माझी पूजा बघितली आणि दुखऱ्या दाढेसकट खाली निघून गेली.

"धूर आत जात नाही," मी म्हणालो.

"कसा जाणार? दार इतकं घट्ट बसवलंय की आत हवा यायला वाटच नाही. पंखा काढणार काय? जेवढी आत येईल तेवढीच बाहेर जाईल की."

आमचं दार खरंच घट्ट होतं. सुतारानं मन लावून केलेलं तेवढं एकच काम त्या इमारतीत होतं.

पुतण्याचं सांगणं होतं की दाराला खाली जाळी बसवा आणि पंख्याचं तोंड सीलिंगमधून काढून उघड्यावर न्या. तात्यांनी दुसरं आधी करायचं ठरवलं, कारण जाळीनं दाराची शोभा जाते. इमारतीच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक अरुंद चौक सोडला होता, ज्याला आता सगळे डक्ट म्हणतात. ड्रेनेजचे पाइप त्यात, डॉक्टरांच्या खोलीची खिडकी त्यात आणि खाली नाश्ता सेंटरच्या भटारखान्याची जाळीही त्यातच. वायरमननं चार इंची पीव्हीसी पाइप जोडून पंख्याचं तोंड त्या डक्टात सोडलं. चार दिवस माझ्याकडं स्वर्ग होता. पाचव्या दिवशी डॉक्टर आले. ते मास्क लावूनच आले होते, पण ते नेहमीच लावतात म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. म्हणाले, "तोंड उघडा म्हटलं की पेशंट तोंड मिटतोय." सहाव्या दिवशी खालून नाश्तावाला आला. त्याच्या मिसळीच्या कटाला लोक नावं ठेवायला लागले होते आणि कोल्हापूरच्या इतक्या जवळ कटाला नाव ठेवलेलं माणूस सहन करत नाही.

मला हे नुसतं हसण्यावारी वाटत होतं. पुतण्यानं त्या रात्री फोनवर हाँगकाँगची हकिकत सांगितली तेव्हा हसणं थांबलं. तिथं कौलून भागात अमॉय गार्डन्स नावाची वसाहत आहे. २००३ च्या मार्चमध्ये सार्सची साथ होती. एक आजारी पाहुणा तिथल्या ई ब्लॉकमधल्या एका घरी दोनदा राहून गेला. त्याला जुलाब होत होते. पुढच्या काही दिवसांत त्या वसाहतीत तीनशेच्या वर माणसं आजारी पडली आणि त्यात कितीतरी अशी होती की त्यांनी त्या पाहुण्याचं तोंडही बघितलं नव्हतं. तपास करणाऱ्यांनी रोगाची जी वाट सांगितली ती अशी : बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखाली जो वाकडा ट्रॅप असतो, त्यात पाणी उभं असलं की ड्रेनेजची हवा वर येत नाही. लोक फरशी पाण्यानं धुवायच्या ऐवजी पुसत, त्यामुळं ट्रॅप सुकले. वर जोरकस एक्झॉस्ट फॅन. तो लावला की दार बंद, मग पंख्याला हवा मिळेल तिथून तो ओढणार. त्यानं सुक्या ट्रॅपमधून गटारातली हवाच वर ओढली आणि भिंतीपलीकडच्या जेमतेम दीड मीटर रुंदीच्या चौकात सोडली. तिथून ती वर चढत गेली आणि दुसऱ्यांच्या खिडक्यांतून आत शिरली. पंखे बिघडले नव्हते. उलट ते फार चांगले चालत होते.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या मी आमच्या संडासातली जाळी उचलली. ट्रॅप खडखडीत कोरडा. झाडणाऱ्या मावशी फिनेलच्या फडक्यानं पुसत होत्या. पाणी टाकायचं नाही ही तात्यांची सूचना, कारण बोअरला पाणी कमी. या ट्रॅपला प्लंबर लोक 'नानी ट्रॅप' म्हणतात आणि आजीशी त्याचा काही संबंध नाही. ती आपली न्हाणी. आपल्या घरातली न्हाणी इंजिनियरच्या पुस्तकात गेली, तिथून पीव्हीसीच्या कॅटलॉगात आणि तिथून आमच्या वायरमनच्या तोंडात नानी होऊन परत आली. मी दोन तांबे पाणी ओतलं. डबक् असा आवाज आला आणि इतके महिने कोपऱ्यातून जी एक कुजकी झुळूक येत होती ती तिथल्या तिथं थांबली. दोन तांब्यांत. खर्च शून्य. आता रोज सकाळी कुलूप काढलं की मी आधी गणपतीला नमस्कार करतो आणि मग नानीला पाणी घालतो.

पण पंख्याचं तोंड न्यायचं कुठं, हा प्रश्न राहिलाच. तात्या म्हणाले, मागच्या भिंतीला भोक पाड आणि सोड मागं. मागं कोण आहे? मागं आमचे गुरुजी.

गुरुजी निवृत्त शिक्षक, विषय इतिहास. त्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी आमच्या भिंतीपासून चार फुटांवर. आणि माणूस साधा नाही. सीमालढ्यात तरुणपणी मोर्चे काढलेला, दर १ नोव्हेंबरला काळी फीत लावणारा, महाराष्ट्रानं मागितलेली ८६५ गावं तालुकावार तोंडपाठ असलेला. मुंबईत विधानसभेत काय झालं, दिल्लीत काय झालं, २००४ साली सुप्रीम कोर्टात गेलेल्या दाव्याची तारीख केव्हा लागणार, हे सगळं त्यांच्या डायरीत. असल्या माणसाच्या हद्दीत संडासाचं वारं सोडायचं म्हणजे काय, याची तात्यांना कल्पना नव्हती. मला होती. म्हणून भोक पाडताना मी मुद्दाम निपाणीला गेलो होतो.

परत आलो तर गुरुजी खुर्ची टाकून त्या भोकाखाली बसलेले. हातात फूटपट्टी नाही, टेप.

"या," ते म्हणाले. "हद्द कायम करायची आहे."

मी पुतण्याच्या फोनचा आधार घेतला. अमेरिकेतल्या नियमांत म्हणे असं आहे, की असल्या पंख्याचं तोंड शेजाऱ्याच्या हद्दीपासून तीन फूट, उघडणाऱ्या खिडकीपासून तीन फूट आणि जिथून इमारत ताजी हवा आत घेते त्या ठिकाणापासून दहा फूट लांब पाहिजे. आमचं भोक गुरुजींच्या खिडकीपासून चार फुटांवर, म्हणजे कायद्यात बसतंय, असं मी चाचरत म्हणालो.

"सीमेबद्दलचा महाजन आयोग आम्ही मानला नाही," गुरुजी शांतपणे म्हणाले, "अमेरिका मानू होय? आणि हद्दीचं काय? भिंत तुमची, वळचण तुमची, तिच्या खाली एक फुटावर माझी जमीन सुरू होते. तीन फूट कुठनं आणलेत?"

मोजलं. एक फूट दोन इंच. मी गप्प बसलो. गुरुजींना मात्र आता वर्ग मिळाला होता. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये थेम्स नदी इतकी नासली की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवून टांगावे लागले, मग सभासदांची नाकं वठणीवर आली आणि पैसे मंजूर झाले, हे त्यांनी मला खुर्चीतून न उठता सांगितलं. "बॅझलजेट नावाचा इंजिनियर होता. त्यानं मोठमोठी गटारं बांधली आणि सगळी घाण शहराच्या खालच्या अंगाला नेऊन नदीत सोडली. लंडन स्वच्छ." मी विचारलं, खालच्या अंगाच्या लोकांचं काय? गुरुजी पहिल्यांदा हसले. "ते तुमच्या तात्यांना विचारा."

सीलिंग, डक्ट, गुरुजी. तिन्ही सरहद्दी बंद झाल्या. भोक विटांनी बुजवलं. ते अजून दिसतं, प्लास्टरचा रंग वेगळा आहे.

सुटका झाली ती गुळव्या मामांमुळं. मामा म्हणजे माझ्या आईचे लांबचे भाऊ, कागल भागातल्या गुऱ्हाळांवर जन्म घालवलेले. वयानं आता काहिलीजवळ उभं राहवत नाही, म्हणून सकाळी नाश्ता सेंटरवर येऊन बसतात आणि चहाला नावं ठेवतात. त्यांनी आमची सगळी हकिकत ऐकली आणि विचारलं, "धुराडं कुटं हाय?"

"कसलं धुराडं?"

"आरं, चुलवाणाला धुराडं नसलं तर धूर कुटं जाईल? गुळव्याच्या डोळ्यांत. मग धुराडं किती उंच करतोस? शेजारच्याच्या कौलाच्या वर. आणि चुलवाणाचं तोंड बुजीवलंस, तर धुराडं कितीबी उंच कर, वडंल काय? खालनं वारं आत शिरलं तरच वरनं भाईर पडतंय. ह्याला इंजिनेर कशाला लागतोय?"

पुण्याच्या पुतण्यानं दोन महिने इंग्रजीत जे सांगितलं होतं ते मामांनी एका चहात सांगितलं. मी फोन लावून दिला. पुतण्या नि मामा अर्धा तास बोलले. मधेच पुतण्या आकडे सांगायला लागला तेव्हा मामांनी फोन माझ्याकडं दिला. "हे तुजं काम. आमी चिपाडाच्या बोळ्यावर अंदाज धरतोय."

आकडे असे होते. आमचा संडास आठ बाय सहाचा, उंची दहा फूट. पोटात ४८० घनफूट हवा. आपल्याकडच्या नॅशनल बिल्डिंग कोडाच्या तक्त्यात शौचालयातली हवा तासाला सहा ते दहा वेळा बदलावी, असं आहे. दहा धरली तर तासाला ४,८०० घनफूट, म्हणजे मिनिटाला ८०. अमेरिकेतली रीत वेगळी. ते खोली मोजत नाहीत, भांडी मोजतात. सार्वजनिक संडासात प्रत्येक भांड्यामागं आणि मुतारीमागं, पंखा सतत चालत असेल तर मिनिटाला ५० घनफूट, लावून-बंद करून चालत असेल तर ७०. आमची तीन, म्हणजे १५० किंवा २१०. मला खोलीपेक्षा भांड्यांचा हिशोब पटला. खोली वास मारत नाही.

पंखाही बदलावा लागला. भिंतीत बसणारा पात्यांचा पंखा समोर मोकळं असेल तर बरा ढकलतो. त्याच्या पुढं वीस फूट पाइप आणि दोन एल्बो लावले की तो गुदमरतो. फिरताना दिसतो, आवाज करतो, हवा जात नाही. आमच्याकडं अशी माणसंही पुष्कळ आहेत. म्हणून पाइपच्या मधोमध बसणारा, ढोलासारखा गोल इनलाइन पंखा आणला. सहा इंची पाइप, कारण चार इंचीत एवढी हवा कोंबली की पाइप बासरी होतो. वाकणं कमीत कमी. उलट वारं आत येऊ नये म्हणून एक हलकी झडप, पंखा लागला की उघडणारी, बंद झाला की आपटणारी. आणि सगळ्यात शेवटी पाइप थेट गच्चीच्या वर, डोक्यावर टोपी घालून. ड्रेनेजच्या व्हेंट पाइपला असते तसली.

दारावरून शेवटची लढाई झाली. तात्या म्हणाले, खाली इंचभर कापा. कापलं. पंखा लावला तर दाराखालून शिट्टी वाजायला लागली. आत कोणी गेलं की अख्ख्या मजल्याला कळे. क्लासमधली पोरं शिट्टीवरून माणूस ओळखायला शिकली. मग जाळी.

"आतलं दिसंल!" तात्या.

मी त्यांना तिरक्या पट्ट्यांची जाळी दाखवली, बाहेरून वाकून बघितलं तरी आतली फरशीच दिसते अशी. तात्यांनी स्वतः बोळात उकिडवं बसून, मान वाकडी करून, तीन कोनांतून खात्री करून घेतली. दाढेवाली बाई नेमकी त्याच वेळी दुसऱ्यांदा आली होती. तिनं आता गावातला डॉक्टर बदलला असं ऐकतो.

संध्याकाळी पंखा सुरू झाला. पिठाची गिरणी गेली, आता नुसतं 'हूं' असं ऐकू येतं, कीर्तनाला बसलेल्या म्हाताऱ्याच्या हुंकारासारखं. मी दार लावलं, उदबत्ती पेटवली आणि जाळीपुढं धरली. धूर क्षणभर वर गेला, थबकला, वाकला आणि सूतभर धागा करून पट्ट्यांमधून आत गेला. गुळव्या मामा मागं उभे होते. म्हणाले, "वडतंय." त्यांच्या तोंडून ही मोठी शाबासकी. गुळाला ते एवढंही म्हणत नाहीत.

मग महिनाभर सुख. डॉक्टरांच्या पेशंटांनी तोंडं उघडली, मिसळीचा कट सुधारला (नाश्तावाला म्हणतो, तो आधीही तसाच होता), आणि प्रामाणिक म्हाताऱ्यांनी नातवाचा विमा काढला. गुरुजींनी खिडकी उघडली. एवढंच नाही, एका संध्याकाळी येऊन गच्चीवरच्या टोपीकडं बघून म्हणाले, "निदान एक तरी वाद कोर्टाबाहेर मिटला."

परवा तात्यांनी मला गच्चीवर बोलावलं. वर गेलो तर टेपानं मापं चाललेली, खडूनं जमिनीवर चौकोन आखलेले. कागलची माणसं इकडं येतातच, संध्याकाळी जेवूनही जातील. वरून महामार्गाचे दिवे दिसतात, पश्चिमेचं वारं मोकळं येतं, असं तात्या सांगत होते. रूफ गार्डन फॅमिली रेस्टॉरंट. दहा टेबलं, शोभेचे दिवे, कडेनं कुंड्या.

"ही तुजी पाइप तेवढी," ते म्हणाले. पाइप चार नंबरच्या टेबलाच्या बरोबर मधोमध उभी होती. "जरा भाईर घेता येईल का रं?"

पश्चिमेचं वारं खरंच मोकळं येत होतं. मी खिशातून उदबत्तीचा पुडा काढला. काडेपेटी तात्यांनीच दिली.